हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांची काळजी: तुमच्याकडं काय करतात?

परभणी (धागा काढणारा)

मंडळी, बाहेरच्यांना मराठवाडा म्हटलं की ऊन आणि टँकरच आठवतात. पण राज्यातलं सगळ्यात कमी तापमान म्हणून परभणीचं नाव बऱ्याच हिवाळ्यांत बातम्यांत येतं. 2018 च्या डिसेंबरअखेरीला कृषी विद्यापीठाच्या आवारात पारा 3 अंशांच्या आसपास उतरला होता. आपली घरं मात्र सगळी उन्हाळ्याच्या हिशेबानं बांधलेली. उघडी ओसरी, वर झरोके, आणि न्हाणी अंगणाच्या पलीकडं. त्यात पोरं कुणाची पुण्याला, कुणाची उसाच्या फडावर. घरात राहतात ते सत्तरीच्या पुढचे.

तुम्ही आपल्या घरी, गल्लीत, गावात प्रत्यक्ष काय केलं ते लिहा. काढे सांगू नका, ते व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी येतातच.

वडवणी तालुका, बीड (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा)

दिवाळी सरली की आमचं गाव निम्मं रिकामं होतं. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयते (तोडणीला जाणारी जोडपी) निघतात, ते उन्हाळ्याच्या तोंडावरच परततात. मागं राहतात म्हातारे आणि नातवंडं. शाळेत हंगामी वसतिगृह चालतं, मुलांची दोन्ही वेळची जेवणं तिथं होतात. आजीचं ओझं उतरलं, असं सगळ्यांनाच वाटतं.

शाळेच्या मागं एक मावशी राहतात. संध्याकाळी सगळ्या आळीत धूर, यांच्या घरावर नाही. विचारलं तर म्हणाल्या, "पोरं तकडंच जेवून येत्यात बाई. एकटीसाठी कुठं चूल पेटवू? सकाळची अर्धी भाकर हाय की." म्हणजे रात्री पोटात शिळी भाकर आणि घर गारठलेलं. त्या घराला दुसरी ऊब कुठली? चूल हीच.

चौकशी केली तर आळीत अशा आणखी म्हाताऱ्या निघाल्या. मग ठरलं की दिवेलागणीला सगळ्यांनी एकीच्या घरी जमायचं. जळण आपापलं, पीठ आपापलं, चूल एक. ज्वारीबाजरीच्या गरम भाकरी, वर पातळ पिठलं नाहीतर शेंगदाण्याची आमटी. घर दर आठवड्याला बदलतं, कारण "तिच्याच घरी का?" हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात निघाला होता. भांडणंही होतात. एकीला तिखट चालत नाही, दुसरीला त्याशिवाय घास उतरत नाही. पण आता रात्री ताजं खातात, आणि कुणी आली नाही तर बाकीच्या कंदील घेऊन बघायला जातात.

फडावरून मुलांचे फोन माझ्याच मोबाइलवर येतात. "आईला खोकला कसाय?" असं नुसतं विचारू नका, "गोळ्यांची पट्टी कुठवर आलीय?" तेही विचारा, असं मी त्यांना सांगते. औषध संपलंय हे म्हातारी माणसं आपणहून सांगत नाहीत. दुकानात आधीच उधारी असते.

औसा, लातूर

आमच्याकडं थंडीचा प्रश्न पत्र्यांचा आहे. किल्लारी आमच्याच तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात दगडमातीच्या भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या, त्यानंतर माळवदाखाली, म्हणजे मातीच्या जड छपराखाली, झोपायची हिंमत लोकांना होईना. हळूहळू पत्रे आले. जीवाची भीती गेली, पण माळवदाची ऊबही गेली. डिसेंबरात पहाटे पत्र्याला आतून दहिवर धरतं आणि थेंब थेट अंथरुणावर पडतात. अण्णांची वाकळ सकाळी दमट लागायची आणि त्यांना वाटायचं आपल्यालाच घाम फुटला.

आम्ही पत्र्याखाली हातभर जागा सोडून बारदाना शिवून ताणला. चूल त्या खोलीत नाही म्हणून हे चाललं. ज्यांची चूल तिथंच आहे त्यांनी बारदाना लावू नये. बाज बाहेरच्या भिंतीपासून सरकवली. अण्णांचा हट्ट होता खाली शहाबादी फरशीवरच झोपायचा, तेव्हा खाली जाड पुठ्ठे, त्यावर सतरंजी, मग वाकळ. गारवा वरून जेवढा, तेवढाच फरशीतून येतो. वरती चार पांघरुणं टाकून उपयोग होत नाही.

येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येच्या पूजेला, त्यांना शेतात न्यायचं की नाही यावर घरात दरवर्षी वाद. मी नेतो. ऊन चांगलं वर आल्यावर निघायचं, कोपीत पूजा, भज्जी-उंडे, दुपारच्या उन्हात दोन घोट आंबिल, आणि ऊन कलायच्या आत घरी. "हिव बाधंल" म्हणून घरात बसवलं असतं तर ते आठवडाभर कुणाशी बोलले नसते.

कळमनुरी तालुका, हिंगोली (आशा कार्यकर्ती)

मुद्द्याचं लिहिते, वेळ कमी आहे. थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळं बीपी चढतो. उन्हाळ्यात बरोबर असलेला आकडा डिसेंबरात वर गेलेला मला दरवर्षी दिसतो. म्हणून हिवाळा लागताच एकदा मोजून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. मनानं गोळी वाढवू नका, बंद तर मुळीच करू नका.

पहाटे ताडकन उठून बाहेर जायचं नाही. आधी बाजेवर पाय सोडून बसा, कानाला बांधा, पायात काहीतरी घाला, मग उठा. रात्री उठावं लागतं म्हणून म्हातारी माणसं दिवसाही पाणी पीत नाहीत, मग पोट साफ होत नाही, चक्कर येते. दुपारपर्यंत कोमट पाणी भरपूर द्या, संध्याकाळी कमी. ज्यांना हृदयाच्या किंवा किडनीच्या आजारामुळं पाणी मोजून सांगितलंय, त्यांनी डॉक्टरांचंच ऐकावं.

शुगर असलेल्यांनी शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत. संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळत नाही. एका आजोबांची टाच भाजली ती सुनेला वास आल्यावर समजली. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच.

आणि कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्यांचं घमेलं दार लावून खोलीत ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही. "आमच्या वाडवडलांनी ठेवलं" म्हणणाऱ्यांना मी सांगते, त्यांच्या कुडाच्या भिंतीला फटी होत्या, तुमच्या खिडकीला काच आहे.

जाता जाता: वयाची सत्तरी पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार. दवाखान्यात दाखल झाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आत्ताच काढून ठेवा.

सिडको, छत्रपती संभाजीनगर

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहाटे साडेपाचला फिरायला जाणं हा प्रतिष्ठेचा विषय होता. उशिरा येणारा आळशी. दोघा-तिघांना छातीत दुखल्यावर वेळ आठची केली. मोठा तंटा झाला. एक निवृत्त सर अजूनही रागावून पहाटे एकटेच जातात, निदान मफलर तरी बांधतात. फ्लूच्या लसीचं मात्र सगळ्यांनी ऐकलं. ती दरवर्षी घ्यावी लागते आणि अंगात लागू व्हायला दोनेक आठवडे जातात, म्हणून थंडीची वाट न बघता आधीच घ्यायची. दम्याच्या मंडळींनी न्युमोनियाच्या लसीबद्दलही डॉक्टरांना विचारावं.

मूळ लोहा, नांदेड, सध्या पुणे

आई गावी एकटी. पुण्याला येत नाही, "तुमच्या फ्लॅटात ऊन येत नाही" म्हणते, आणि ते खरंच आहे. कार्तिकात काकड्याला पहाटे गार पाण्यानं अंघोळ करून जायची. देवाचं नाव पुढं केल्यावर आमचं काय चालणार? शेवटी देवळातल्या महाराजांनीच सांगितलं, "माय, हातपाय धुऊन आलीस तरी पांडुरंगाला चालतंय." ते तिनं लगेच ऐकलं. मी तेच दोन वर्षं सांगत होतो.

गॅस गीझर न्हाणीच्या आत होता, तो बाहेरच्या भिंतीवर बसवला. आत फक्त गरम पाण्याची तोटी. बंद न्हाणीत गॅस जळणं म्हणजे वर ताईंनी लिहिलेला शेगडीचाच धोका.

कॅमेरा लावू म्हटलं तर आई चिडली. त्यापेक्षा दूधवाल्या दादांशी बोललो. आई रात्रीच पातेलं ओट्यावर पालथं घालून ठेवते, सकाळी उठली की उताणं करते. पातेलं पालथंच दिसलं तर दादा कडी वाजवतात, उत्तर नाही आलं तर शेजारच्या काकूंना हाक मारतात आणि मला फोन करतात. काकूंकडं किल्ली आहे. आईला हा सगळा बेत माहीत आहे, तिला विचारूनच केलाय. एकदा ती मुद्दाम उताणं करायची विसरली, दादा येतात का बघायला. आले.

सेलू, परभणी (वय 79)

मुलांनो, छान लिहिताय. आता एका म्हाताऱ्याचंही ऐका. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा, आणि नेमकी त्याच दिवसांत बोटं उलतात. यंत्रावर अंगठा टेकवतो, ते म्हणतं जुळत नाही. मागच्या खेपेला खिडकीमागचा पोरगा म्हणाला, "आजोबा, उद्या या." उद्या आल्यावर माझी बोटं तरुण होणार होती का?

उपाय सांगतो. रात्री बोटांना खोबरेल चोळायचं, सकाळी साबणानं धुऊन कोरडं करून जायचं. बऱ्याचदा जमतं. नाहीच जमलं तर मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो, नातीनं बसल्या बाजेवर माझा काढून दिला. तेव्हा सुट्टीत गावी येणाऱ्या पोरांनी एक दुपार गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी द्यावी. स्वेटर नकोत, माझ्याकडं न वापरलेले ढीगभर पडलेत.

बाकी तुम्ही सगळे आम्हाला जपता ते ठीक, पण हुरड्याला कुणी बोलवत नाही. "आबांना दात नाहीत" म्हणतात.

परभणी (धागा काढणारा)

आबा, पुढच्या रविवारी गाडी घेऊन येतो, अकराच्या उन्हात निघू. हुरड्याची गुळभेंडी ज्वारी दुधात आलीय. कवळीला चिकटलाच तर बायको त्याच हुरड्याचं मऊ थालीपीठ लावते, वर लोणी. तिखट चालतं ना तुम्हाला?