मदत हवी आहे: ‘ला कातेद्राल’चे भाग दोन की तीन?

आडवी_सरगम: शनिवारी क्लासचा कार्यक्रम, त्यात ‘ला कातेद्राल’ ही गिटारवरची रचना आहे, निवेदन माझ्या गळ्यात. माझ्याकडच्या कागदांत भाग दोनच, नेटवर सगळे तीन वाजवतात. शिवाय एका ठिकाणी संगीतकार बार्रिओस, दुसरीकडे मांगोरे. लवकर सांगा, पत्रिका छापायला द्यायचीय.

पंचमदा: कागद कुठले? आणि वाजवणार कोण? काहीच सांगत नाही तुम्ही.

सहावी_तार: माणूस एकच. आगुस्तीन बार्रिओस, पॅराग्वेचा, जन्म १८८५. १९३० च्या सुमारास ‘नित्सुगा मांगोरे’ झाला. आगुस्तीनची अक्षरं उलटी, आणि मांगोरे दंतकथेतल्या आदिवासी सरदाराचं नाव. डोक्याला पिसं लावून मंचावर यायचा.

पंचमदा: म्हणजे निव्वळ शोबाजी! सेगोव्हियासारख्या बड्या स्पॅनिश गिटारवादकाने त्याच्या रचना कार्यक्रमात घेतल्या नाहीत ते उगीच नाही.

सहावी_तार: सेगोव्हियाने जुन्या जर्मन संगीतकार बाखचं संगीत गिटारवर आणलं तेव्हा बार्रिओस स्वतः बाखच्या वळणाचं लिहीत होता. ‘ला कातेद्राल’चा अलेग्रो, म्हणजे शेवटचा जलद भाग, ऐका आधी, मग बोला.

आडवी_सरगम: अहो, भाग!

खर्जातली_मैना: दोन्ही बरोबर. १९२१ ला दोनच होते: आंदान्ते रेलिजिओसो आणि अलेग्रो सोलेम्ने. ‘प्रेलुदिओ साउदादे’ १९३८ मध्ये हवानाला लिहून सुरुवातीला जोडला. तुमचे कागद जुन्या रूपाचे असतील.

तारांचा_राजा: तो स्टीलच्या तारा वापरायचा, म्हणून त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रिका वेगळ्या वाजतात. तुम्हीही स्टील लावा, खरी मजा तेव्हाच.

पंचमदा: अजिबात नको! ताणाने ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची पट्टी, उचकटतो. माझ्या पुतण्याच्या गिटारीचं तेच झालं. तारा नायलॉनच्याच.

तारांचा_राजा: स्वस्तातली गिटार असेल.

आडवी_सरगम: तारांबद्दल विचारलंच नाहीये! मुलगा अकरावीत आहे, तोच वाजवणार. पाच मिनिटं मिळालीत.

खर्जातली_मैना: हे आधी सांगायचं ना ताई! मग तिन्ही भाग बसणार नाहीत. जुनं दोन भागांचं रूप घ्या, पत्रिकेत वर्ष १९२१ टाका. कोणी खोट काढणार नाही. अलेग्रो पळवू नको म्हणावं, नुसत्या वेगाने सूर पुसट होतात.

सहावी_तार: निवेदनात हेही घ्या: शेवटची वर्षं एल साल्वादोरमध्ये काढली, सान साल्वादोरला शिकवायचा, तिथेच १९४४ मध्ये गेला. जगात नाव पसरलं ते बरंच नंतर, गिटारवादक जॉन विल्यम्सने १९७७ मध्ये त्याच्याच रचनांची अख्खी तबकडी काढली तेव्हा.

आडवी_सरगम: मैना, सहावी_तार, आभार. दोन भाग, १९२१, बार्रिओस. मांगोरे कंसात टाकते.

तबकडीवाला: मुलासाठी नवी गिटार बघताय का? बजेट सांगा.

तारांचा_राजा: पॅराग्वेच्या ५०,००० ग्वारानीच्या नोटेवर बार्रिओसच आहे. आपल्याकडे कुठल्या नोटेवर गवई आलाय?

पंचमदा: त्यासाठी वेगळा धागा काढा. पण स्टीलच्या तारांचं मी मान्य केलेलं नाही.