मदत हवी आहे: टीटीटीएस (वारेतून एका जुळ्याचं रक्त दुसऱ्याकडे जाणं), लेझर ठरलंय, पण गर्भाशयाच्या तोंडाची लांबी २२ मिमी

एक वार (प्लॅसेंटा), दोन पिशव्यांची जुळी, १९ आठवडे ४ दिवस. पहिलंच बाळंतपण. रेसिपिअंटच्या (रक्त घेणाऱ्या बाळाच्या) पिशवीत पाण्याचा सर्वांत खोल कप्पा १०.५ सेंमी, डोनरकडे (रक्त देणाऱ्याकडे) १.२. डोनरचं मूत्राशय तासाभराने पुन्हा पाहिलं तरी दिसलं नाही. दोघांचे डॉपलर (रक्तप्रवाहाची तपासणी) आणि रेसिपिअंटचं हृदय ठीक, म्हणजे टीटीटीएसच्या तीव्रतेच्या क्विंटेरो श्रेणीत स्टेज २. वार पुढच्या भिंतीवर. ताप, पाणी जाणं, कळा काही नाही.

नुसतं पाणी काढलेलं नाही, मुद्दामच. रक्त मिसळून पाणी गढूळ झालं किंवा मधला पडदा फाटला, तर फीटोस्कोपीत (गर्भाशयात दुर्बीण घालून पाहताना) रक्तवाहिन्यांचे जोड नीट दिसत नाहीत. २००४ च्या युरोफीटस चाचणीतही पाणी काढण्यापेक्षा लेझरच सरस ठरलं होतं. दोन दिवसांत सोलोमन पद्धतीने (जोडांच्या मधली वारेवरची रेषाही लेझरने जाळून) करायचं आहे, शेवटी पाणी कमी करूनच बाहेर यायचं.

अडलंय ते गर्भाशयाच्या तोंडावर. योनीमार्गे मोजलेली लांबी २२ मिमी, फनेलिंग (आतलं तोंड नरसाळ्यासारखं उघडणं) नाही. प्रोजेस्टेरॉन २०० मिग्रॅ रोज रात्री सुरू केलंय. पाणी काढल्यावर ताण उतरून लांबी सुधारेलही, पण त्यावर विसंबावं का?

ज्यांनी अशा केसेस हाताळल्या आहेत त्यांनी कृपया सांगा: गर्भाशयाच्या तोंडाला टाका लेझरच्याच भुलीत घालता, की लेझरनंतर लांबी पुन्हा मोजून, आणि किती मिमीखाली गेल्यावर?