मदत हवी आहे: प्रशिक्षणाचा निधी कापला, प्रौढांना शिकवणाऱ्या शिक्षकांची तयारी कशी टिकवायची?

अनुदान घटलं की पहिली कात्री प्रशिक्षणावर चालते. वर्ग बंद पडला तर लगेच दिसतं, शिक्षकाची तयारी कमी पडलेली उशिरा कळते. तासिका तत्त्वावरचे शिक्षक प्रशिक्षणाचं मानधन थांबलं की येत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. रेकॉर्ड केलेले व्हिडिओ स्वस्त पडतात, पण अक्षरओळख नसलेल्या प्रौढाला आवाज आणि अक्षर जोडायला शिकवणं नुसतं बघून जमत नाही, कुणीतरी वर्गात बसून पाहावं लागतं. म्हणून शिक्षकांच्या जोड्या लावायचा विचार आहे: महिन्यातून एकदा एकमेकांचा तास बघायचा, मुद्दा एकच (उदा. चूक कशी दुरुस्त केली), नंतर अर्धा तास चर्चा. घोडं अडतं बदली शिक्षकापाशी: एक जण दुसऱ्याच्या तासाला बसला की त्याचा स्वतःचा वर्ग कुणीतरी घ्यावा लागतो. कुणी हे चालवलंय का? बदली शिक्षकाचा खर्च हिशेबात कोणत्या शीर्षाखाली दाखवला?