मदत हवी आहे: पाणथळ बुजवून बदल्यात तळं, असं चालतं का?

मंडळी, कोल्हापुरात कसबा बावड्याकडं आमच्या शेताला लागून सखल पाणथळ आहे, पाणकणीस माजलेलं, वंचक आणि शेकाट्या हे पाणपक्षी कायम. वरच्या कॉलन्यांचं सांडपाणी तिथनंच पसरत पंचगंगेला जातंय, बराचसा गाळ त्या पाणकणसातच बसतोय, आणि २०१९ ला, २०२१ ला पुराचं पाणी पहिलं तिथंच चढलं. आता तिथं मुरुमाचे डंपर सुरू झालेत. लेआऊटवाला म्हणतोय बदल्यात गार्डनमध्ये तळं देतो, कारंज्यासकट! सिमेंटच्या हौदात बेडूक तरी राहील का सांगा.

अमेरिकेत क्लीन वॉटर ॲक्टच्या कलम ४०४ खाली पाणथळीत भराव टाकायला परमिट लागतं, आधी नुकसान टाळा, मग कमी करा, उरलं त्याची भरपाई म्हणून दुसरी पाणथळ पुनर्जीवित करा. आपल्याकडं २०१७ चे पाणथळ नियम भरावाला मनाई करतात खरे, पण रामसर (म्हणजे पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या) आणि सरकारनं नोटिफाय केलेल्या जागांनाच लागू, आमची कुठंच नोटिफाय नाही.

तर कुणी अशी जागा नोटिफाय करून घेतलीय का, अर्जाला सातबारा, फोटो, पक्ष्यांची यादी एवढं पुरतं का? आणि निळ्या पूररेषेच्या (नदीकडच्या बाजूला बांधकामाला मनाई असलेली रेषा) मुद्द्यावर भराव आधी थांबवता येईल का? जरा लवकर सांगा, डंपर रात्रीचे पण येतायत.