गोडॉट: पळणारं पात्र थरथरतं, पाय घसरतात

रानवाट
गोडॉट 4.3 या गेम इंजिनमध्ये बाजूने दिसणारा प्लॅटफॉर्मर (पळत, उड्या मारत पुढे जायचा खेळ) आहे. पिक्सेल आर्ट, मूळ रेझोल्यूशन 320 × 180, स्ट्रेच मोड (चित्र पडद्याएवढं मोठं करण्याची पद्धत) व्ह्यूपोर्ट. पात्राचा वेग सेकंदाला 120 पिक्सेल, पळण्याच्या चक्रात 8 फ्रेम, 12 एफपीएस (सेकंदाला फ्रेम). 60 हर्ट्झच्या लॅपटॉपवर हालचाल ठीक दिसते, 144 हर्ट्झच्या मॉनिटरवर पात्र थरथरतं. पाय मात्र दोन्हीकडे जमिनीवरून घसरल्यासारखे वाटतात. 8 च्या 16 फ्रेम काढल्या तर फरक पडेल का?

चौकटमोजणी
नाही पडणार, तो वेळ वाचवा. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

थरथर: फिजिक्स, म्हणजे हालचालीचं गणित, सेकंदाला 60 वेळा चालतं, पडदा 144 वेळा ताजा होतो. भागाकार 2.4 येतो, म्हणजे पात्र एका जागी कधी 2 रिफ्रेश टिकतं, कधी 3. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये फिजिक्स, कॉमन, फिजिक्स इंटरपोलेशन चालू करा, ते दोन फेऱ्यांमधल्या जागा भरून काढतं. 2डी साठी ही सोय 4.3 मध्येच आली. हालचालीचा सगळा कोड फिजिक्सच्या दर फेरीला चालणाऱ्या _फिजिक्स_प्रोसेसमध्ये हवा. जागा बदलणारी एखादी ओळ जरी पडद्यावरच्या दर चित्राला चालणाऱ्या _प्रोसेसमध्ये राहिली तरी थरथर जात नाही. चेकपॉइंटवर पात्र परत आणताना आधी जागा बदला, मग रीसेट_फिजिक्स_इंटरपोलेशन बोलवा. नाहीतर ते क्षणभर अख्ख्या नकाशावरून सरकत गेलेलं दिसतं.

पाय: टेकलेला पाय चित्रात दर फ्रेमला किती पिक्सेल मागे जातो ते मोजा. समजा 6. मग 12 एफपीएसला त्या चक्राचा खरा वेग 6 × 12 = 72. तुमचं पात्र 120 ने जातं, उरलेले 48 पिक्सेल म्हणजेच ती घसरण. अ‍ॅनिमेटेडस्प्राइट2डीच्या स्पीड_स्केलला (चक्राचा वेग किती पट ते) दर टिकला, म्हणजे फिजिक्सच्या दर फेरीला, abs(वेग.x) ÷ 72 ही किंमत द्या. पूर्ण वेगात चक्र आपोआप 20 एफपीएसवर जाईल आणि वेग कमी होईल तशी पावलंही मंदावतील.

उतारवाट
वेग 0 वरून एकदम 120 वर नेत असाल तर तेही बदला. वेग ठरावीक पायऱ्यांनी वाढवणाऱ्या मूव्ह_टोवर्डमध्ये 900 × डेल्टा (एका टिकचा वेळ) दिलं की पूर्ण वेग साधारण 0.13 सेकंदात, म्हणजे 8 टिकमध्ये येतो. थांबायला 1200 द्या, 6 टिक पुरतात. लर्पला (उरलेल्या फरकाचा ठरावीक हिस्सा कापणारं फंक्शन) नुसतं 0.1 देऊ नका: वेग शून्याजवळ रेंगाळत राहतो, उभं राहण्याचं चित्र उशिरा येतं, आणि टिकची संख्या बदलली की पात्राचा सगळा स्वभावच बदलतो. त्वरणाला डेल्टाने गुणायचं, वेगाला नाही. पात्र हलवणारं मूव्ह_अँड_स्लाइड तो गुणाकार स्वतः करतं.

रानवाट
दोघांचेही मनापासून आभार. पाय आता नीट टेकतात, थरथरही बरीच कमी झाली. पण सपाटीवरून 45 अंशांच्या उतारावर येताना पडण्याचं चित्र मध्येच चमकतं.

उतारवाट
फ्लोअर_स्नॅप_लेंग्थ (पात्र किती खालच्या जमिनीला चिकटून राहील ते अंतर) मुळात 1 पिक्सेल असते. तुमचं पात्र एका टिकमध्ये 2 पिक्सेल पुढे जातं आणि तेवढ्यात जमीन 2 पिक्सेल खाली गेलेली असते, त्यामुळे इज_ऑन_फ्लोअर त्या टिकला नाही म्हणतं. 4 ते 6 ठेवा. शिवाय पाय सुटल्यावर 0.08 सेकंद उलटल्याशिवाय पडण्याचं चित्र लावू नका. कडेवरून उशिरा मारलेली उडी मान्य करायला हाच टायमर वापरता येतो.

चौकटमोजणी
उरलेली थरथर स्ट्रेच मोडची आहे. व्ह्यूपोर्टमध्ये पात्र 320 च्या जाळीवर पूर्ण पिक्सेलनेच सरकतं. 144 हर्ट्झला दर रिफ्रेशला वाट्याला येतात 0.83 पिक्सेल, म्हणून दर सहावा रिफ्रेश ते जागच्या जागी उभं राहतं. स्ट्रेच मोडमध्ये कॅनव्हास आयटम्स निवडा: 1920 × 1080 वर चित्रातला एक पिक्सेल पडद्यावर 6 पिक्सेलचा होतो आणि मधल्या जागा वापरता येतात. जाळीबाहेरची हालचाल काही पिक्सेल आर्टवाल्यांना खपत नाही, पण पळापळीच्या खेळात मी गुळगुळीतपणालाच मत देईन. फक्त स्नॅप 2डी ट्रान्सफॉर्म्स टू पिक्सेल बंद आहे ना ते बघा. ते चालू असेल तर कॅमेरा आणि पात्र वेगवेगळे पूर्णांकात जातात आणि त्यांच्यात एका पिक्सेलची ओढाताण सुरू होते.