कोल्हापूरचं कळंबा जेल: कैद्यांना काम, की फुकटचे लाड?

रंकाळाकर: कैद्यांनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन लागलं की सगळे 'वा वा' करतात. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडूसुद्धा कळंब्यातल्या कैद्यांनी वळलेत. पण ज्याच्या घरात खून पडला त्याला काय मिळालं? वर 2022 पासून कैद्याला 50,000 पर्यंत कर्ज, तेही 7 टक्क्यांनी! आमच्या रिक्षावाल्याला बँक दारात उभं करत नाही.

गंगावेसकर: भावा, ते 'जिव्हाळा' कर्ज राज्य सहकारी बँकेचं. फिटतं कैद्याच्या मजुरीतून, आणि जातं घरी, पोरांच्या फीला नाहीतर आजारपणाला. पोरांनी काय गुन्हा केलाय? खून पडलेल्या घराचं म्हणशील तर सुप्रीम कोर्टानं 1998 लाच सांगितलंय, कैद्याला रास्त मजुरी द्या आणि त्यातला वाटा पीडितांसाठी काढा. तो वाटा किती घरांत पोचला, हे विचार की.

बिंदूचौक वकील: दोघंही शिक्षाबंद्यांवरच, म्हणजे शिक्षा झालेल्यांवरच भांडताय. देशातल्या तुरुंगांत चारातले जवळपास तीन न्यायबंदी आहेत, त्यांचा खटलाच संपलेला नाही. सक्तमजुरी शिक्षा झाल्यावर. कच्च्या कैद्यावर कामाची सक्ती करता येत नाही. मग तो दिवसभर बरॅकीत बसून सराईतांकडनं शिकतो. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 479 आहे. पहिल्यांदाच अडकलेल्यानं कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला जामिनावर सोडायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून, आणि दुसरे खटले चालू नसतील तर. कोर्टाला कळवायची जबाबदारी तुरुंग अधीक्षकाची. आधी या याद्या वेळेवर काढा, लाडवाचं नंतर बघू.

रंकाळाकर: आणि सुटून परत गळ्यातली चेन ओढली तर? जामीन तुम्ही देणार काय?

शिरोली फाउंड्री: चेन ओढतो कारण दुसरं काम मिळत नाही. एमआयडीसीत कामाला लागायचं तर चारित्र्य पडताळणी मागतात, तिथंच गाडी अडते. आणि आत सतरंज्या विणायला कशाला शिकवता? इथं मोल्डर, फिटर, वेल्डर मिळेनात! आमची पोरं पुण्याला पळाली. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर बघा. औंध संस्थानानं 1939 ला काढलेली खुली वसाहत, कैदी बायकापोरांसह राहून शेती करतात.

रंकाळाकर: तिथं निवडून पाठवतात ओ, दादा. सरसकट नाही.

शिरोली फाउंड्री: मग कळंब्यातनं पण निवडा की! वेल्डिंगचं मशीन आमच्या असोसिएशनकडं मी मागतो. चारित्र्याच्या दाखल्याचं वकीलसाहेब बघू देत.