'स्टंटिंग'ला खुजेपणा म्हणावं का?

प्रश्नकर्ती: बालकुपोषणावरच्या संशोधनाची सचित्र पुस्तिका मांडते आहे. मजकूर मराठीत आहे, वाचणार गावातली माणसं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतले (2019-21) महाराष्ट्राचे आकडे, पाच वर्षांखालची मुलं: स्टंटिंग (वयाच्या मानाने उंची कमी) 35.2 टक्के, वेस्टिंग (उंचीच्या मानाने वजन कमी) 25.6, अंडरवेट (वयाच्या मानाने वजन कमी) 36.1. मसुद्यात 'खुजेपणा', 'लुकडेपणा', 'कमी वजन' आहे. चित्राखाली 'खुजं मूल' लिहायला हात धजत नाही. तिन्हींचा मिळून एक वृत्तालेख केलाय.

अनुवादक: आधी तो वृत्तालेख काढून टाका! बेरीज 96.9 होते, म्हणजे बघणारा म्हणणार की धडधाकट मुलं जेमतेम तीन टक्के. एकच मूल तिन्ही गटांत असू शकतं. तीन वेगळे चित्रालेख करा, प्रत्येकात शंभर मुलं.

आता शब्द. 'खुजा' हे विशेषण माणसाला चिकटतं, शिवाय 'खुज्या मनाचा' ही शिवी मागे उभीच आहे. 'खुरटणे' बघा. पाणी तुटलं की पीक खुरटतं. काहीतरी कमी पडलं, हे त्या क्रियापदातच आलं. 'वाढ खुरटलेली' म्हटलं की दोष पोराकडे जात नाही. वेस्टिंगला 'रोडावणे'. लुकडा जन्मापासून असू शकतो, रोडावतो तो अलीकडे. वेस्टिंग म्हणजे उंचीच्या मानाने वजन कमी, आणि ते बहुधा हल्लीच्या आजारपणाने किंवा उपासमारीने होतं. 'कृशता' कोशातच राहू द्या.

अंगणवाडी पर्यवेक्षिका: रोडावलं पटलं. आईला तसं विचारलं की ती लगेच सांगते, "जुलाब झाले तेव्हापासून." पण बुटकं किंवा खुजं म्हणा, उत्तर ठरलेलं: "आमच्यात सगळेच असे." विषय तिथंच संपतो. 'खुरटलं' मी वापरून बघेन; आजवर "उंची वयाच्या मागं राहिली" असंच सांगत आले. तीव्र आणि मध्यम कुपोषणाला आम्ही आपसात सॅम-मॅम म्हणतो, ते पुस्तिकेत नको.

आणि ताई, खुरटलेल्या वाढीला लाल रंग देऊ नका. दंडघेराच्या पट्टीवर लाल म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्या आत, तीव्र कुपोषण. आमच्या बायका लाल बघून मूल दवाखान्यात पाठवायला निघतील.

प्रश्नकर्ती: लाल काढला, मातकट तपकिरी घेतला. 'वाढ खुरटलेली' रकान्यात बसतं, 'वयाच्या मानाने उंची कमी' खाली बारीक अक्षरात. 'अंडरवेट'चं चित्र मात्र अडलंय. वयाच्या मानाने वजन कमी, पण मूल बुटकं काढू की बारीक?

अनुवादक: दोन्हीही असू शकतं, म्हणून तर ते चित्रात मावत नाही. मूल काढूच नका, काटा काढा.

पर्यवेक्षिका: झोळीचा काढा. तो सगळ्यांनी पाहिलाय.